रिकामा डबा, रिकामी बाटली आणि ती परत घेणारा माणूस

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. सवडीनं वाचा. विषय साधाच आहे, रिकामी प्लॅस्टिकची बाटली.

आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही घरात जा. गच्चीवर पाण्याच्या बाटल्या आडव्या कापून त्यात कोथिंबीर लावलेली असते. न्हाणीघरात तेलाच्या कॅनचा तांब्या असतो. डिझेल ओतायला बाटलीचं तोंड कापून नाळकं केलेलं असतं. फ्रीजमध्ये कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत पाणी आणि फडताळात त्याच बाटल्यांत शेंगदाणे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात गेलं की बाटलीचा पेनस्टँड, बाटलीचा आकाशकंदील, बाटलीची फुलदाणी. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘टाकाऊतून टिकाऊ’.

आणि तरीही एसटी स्टँडमागचा नाला बाटल्यांनी भरलेलाच असतो. ओढ्याला पहिलं पाणी आलं की बाटल्या वाहत पुलाला अडकतात.

असं का? आपण आळशी झालो, लोकांना शिस्त नाही, वगैरे उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत. मला ती पुरेशी वाटत नाहीत. कारण रिकाम्या वस्तूला कामाला लावण्यात आपली माणसं पिढ्यान् पिढ्या तरबेज आहेत. मग बदललं काय, ते समजून घ्यायला थोडं मागं जावं लागेल. चांगलं सव्वाशे-दीडशे वर्षं मागं.

*घासलेटचा डबा*

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्याकडे रॉकेल आलं. लोक त्याला घासलेट म्हणायचे. जहाजातून येणारं हे तेल चौकोनी पत्र्याच्या डब्यात असायचं. चार गॅलनचा, म्हणजे साधारण १८ लिटरचा डबा. तेल दिव्यात जळून जायचं, डबा मात्र घरात राहायचा.

त्या डब्याचं काय काय व्हायचं, ते जुन्या माणसांना विचारा. वरचं तोंड कापून आडवी काठी ठोकली की पाणी वाहायचा डबा. दोन डबे काठीला टांगले की कावड. चुलीवर ठेवला की अंघोळीचं पाणी. झाकण बसवलं की ज्वारी-बाजरीची साठवण. खालून भोकं पाडून माती भरली की तुळस. गळायला लागला की कापून सपाट करायचा, आणि तो पत्रा गोठ्याच्या छपरावर. उरलेल्या तुकड्याला खिळ्यानं भोकं पाडली की किसणी, चाळणी. बाजारात पत्र्याचं काम करणारे कारागीर बसायचे, ते याच पत्र्यातून नाळकी, मापं आणि चिमण्या बनवून द्यायचे. म्हणजे ज्या डब्यातून तेल आलं, त्याच डब्याच्या पत्र्याचा दिवा होऊन तेच तेल त्यात जळायचं.

यातला एक किस्सा जगाच्या इतिहासात नोंदलेला आहे. रॉकेलच्या धंद्यात तेव्हा अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचा दबदबा होता. तिचे निळे डबे आशियाभर जायचे. तिच्याशी टक्कर द्यायला लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युएल उतरले. पुढं ‘शेल’ कंपनी उभी केली, तेच हे. १८९२ साली त्यांचं ‘म्युरेक्स’ नावाचं टाकीवालं जहाज काळ्या समुद्रावरच्या बाटुम बंदरातून तेल घेऊन सुएझ कालव्यातून पूर्वेकडे निघालं. डबे नाहीत, खोकी नाहीत, सुटं तेल. वाहतूक स्वस्त, म्हणून तेलही स्वस्त. लोक आपापली भांडी घेऊन येतील आणि तेल भरून नेतील, असा त्यांचा हिशोब होता.

लोकांना ते पटेना. त्यांना तेलाबरोबर डबाही हवा होता. आशियातल्या बाजारांत त्या निळ्या पत्र्यापासून छपरं, पिंजरे, चहाच्या गाळण्या असं काय काय बनत होतं. स्वस्त तेल नुसतं सुटं मिळतंय म्हटल्यावर गिऱ्हाईक फिरकेना. शेवटी सॅम्युएल यांना पत्रा पाठवून जागच्या जागी डबे बनवून घ्यावे लागले. त्यांनी ते लाल रंगाचे केले.

हा किस्सा मला महत्त्वाचा वाटतो. तेव्हाच्या गरीब माणसाला कुणी ‘पुनर्वापर’ शिकवला नव्हता. तो वस्तू विकत घेतानाच तिच्या दुसऱ्या जन्माचा हिशोब करत होता. रिकामा डबा हा त्याच्या खरेदीचा अर्धा भाग होता.

*डालडा आणि टमरेल*

मग आला डालडा. १९३७ साली लिव्हर कंपनीनं हे नाव बाजारात आणलं. मुंबईत शिवडीला कारखाना होता. पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. तूप परवडत नाही त्यांच्या घरात सणासुदीला हा डबा यायचा आणि रिकामा झाला की पुढची पंधरा-वीस वर्षं मुक्काम ठोकायचा.

मोठ्या डब्यात पीठ, मधल्यात डाळी, लहानात हळद-तिखट. त्याखालच्या पायरीवर झाडाची कुंडी. आणि सगळ्यात शेवटी परसाकडचं टमरेल. हसू नका, हाही इतिहासच आहे. पहाटे ओढ्याकडे निघालेल्या माणसाच्या हातात पूर्वी टमरेल असायचं. नंतर त्याच हातात पाण्याची बाटली आली. गावं हागणदारीमुक्त झाल्याच्या पाट्या लागल्या, तरी ती बाटली बऱ्याच ठिकाणी अजून दिसते.

मुद्दा हा की घरात वस्तूची एक उतरंड होती. देवघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर, परसदार, आणि मग भंगारवाला. प्रत्येक पायरीवर डबा काही वर्षं काढायचा. लुगड्याचंही तसंच. नेसून विरलं की धुडकं, धुडक्याची गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं. जरा बरे कपडे असतील ते बोहारणीला. ती दारात बसून घासाघीस करायची आणि चार साड्यांवर एक पातेलं देऊन जायची. घरातून काही बाहेर जायचं ते मोबदला घेऊन जायचं.

*काचेची बाटली परत जायची*

डबा घरात राहायचा, पण काचेच्या बाटलीची रीत वेगळी होती. ती परत जायची.

मुंबईकरांना आरेची दुधाची बाटली आठवत असेल. सकाळी केंद्रावर रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची. रिकामी नेली नाही तर दूध नाही. आपल्याकडे जत्रेत गोटी सोडा मिळायचा. तोंडात काचेची गोटी अडकवलेली ती बाटली इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी शोधली, १८७२ सालचं त्यांचं पेटंट आहे. ती बाटली इतकी मोलाची की सोडा गाडीपाशी उभं राहूनच प्यायचा आणि बाटली तिथंच ठेवायची. घरी न्यायची तर अनामत ठेवा. पुढं थंड पेयांच्या बाटल्यांनाही तोच नियम. दुकानदार क्रेट मोजून घ्यायचा आणि एक बाटली कमी भरली तर त्याचा जीव वरखाली व्हायचा.

सरकारी दवाखान्यात तर बाटली आपणच घरून न्यायची. कंपाउंडर त्यात लाल औषध भरायचा आणि बाहेरून खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. ती बाटली धुऊन पुढच्या आजारपणासाठी जपून ठेवलेली असायची.

थोडक्यात, दोन व्यवस्था होत्या. डबा गिऱ्हाइकाचा, कारण त्याची किंमत गिऱ्हाइकानं मोजलेली. बाटली कंपनीची, कारण कंपनीला ती परत हवी होती. दोन्हींतलं काहीच बेवारस नव्हतं.

*शाळेत शिरलेलं ‘टाकाऊतून टिकाऊ’*

ज्या १९३७ सालात डालडा आला, गंमत बघा, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हातानं काम करत करत शिकायचं, ही ‘नई तालीम’ची कल्पना तिथं मांडली गेली. पुढचा आराखडा झाकिर हुसेन यांच्या समितीनं केला. त्यातला हस्तोद्योग म्हणजे सूतकताई, शेती, सुतारकाम. मुलाच्या हातून निघालेल्या वस्तूला बाजारात किंमत यावी, ही अपेक्षा होती.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगानं (१९६४-६६) शाळांमध्ये कार्यानुभव असावा अशी शिफारस केली. माझ्या वयाच्या सगळ्यांनी हा विषय केलाय. आठवड्याचे दोन तास. पण शाळेकडे ना सुतारशाळा, ना साहित्य, ना पैसे. मग बाईंनी सांगायचं, घरून रिकाम्या काडेपेट्या आणा, बांगड्या आणा, आइस्क्रीमच्या काड्या आणा. फुकटात होण्यासारखं तेवढंच होतं. वर्ध्याची कल्पना अशी झिजत झिजत शोभेच्या वस्तूवर येऊन थांबली.

याला एक सणसणीत अपवाद पुण्यात होता. अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, टेल्कोत नोकरी. १९७८ मध्ये सुट्टी घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथून काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुन्या चपला यांतून विज्ञान शिकवायला लागले. पुढं अनेक वर्षं पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी केली. २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामात आणि आपल्या प्रदर्शनातल्या फुलदाणीत फरक एवढाच की त्यांची वस्तू काहीतरी करते. फिरते, वाजते, पाणी उपसते. मूल ती पुन्हा उघडून बघतं. आपली फुलदाणी शोकेसमध्ये बसते आणि धूळ खाते.

*बाटली आली, परतीची वाट गेली*

आता मुख्य पात्राकडे येऊ. पाण्याची आणि कोल्ड्रिंकची बाटली ज्या प्लॅस्टिकची असते त्याला पीईटी, बोलताना ‘पेट’, म्हणतात. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात १ हा आकडा असतो, तो त्याचाच. हा पदार्थ १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी शोधला, तोही कापडासाठी. त्याचंच टेरिलीन झालं. आपल्या वडिलांच्या टेरिकॉटच्या शर्टातला कधीही न चुरगळणारा धागा आणि बिसलेरीची बाटली, मूळ माल एकच. कोल्ड्रिंकमधल्या गॅसचा दाब सहन करेल अशी त्याची बाटली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या नॅथॅनिएल वाएथ यांनी बनवली. पेटंट १९७३ चं.

बिसलेरी भारतात त्याआधीच, १९६५ मध्ये, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून सुरू झाली होती. तेव्हा बाटली काचेची होती. १९६९ ला पार्लेच्या चौहानांनी ती विकत घेतली. पाणी विकत घेणारा माणूस तेव्हा वेड्यात निघायचा. चित्र पालटलं ते नव्वदच्या दशकात. बाजार खुला झाला, १९९३ ला कोका-कोला परत आली, पेटच्या बाटल्यांचा पूर सुरू झाला. २००१ पासून बाटलीबंद पाण्याला सरकारी मानक चिन्ह सक्तीचं झालं, तोवर हा धंदा लहान शहरांपर्यंत पोचला होता.

सुरुवातीची काही वर्षं आठवा. पाण्याची रिकामी बाटली घरात कौतुकाची होती. प्रवासातून आणलेली बाटली मुलं शाळेत न्यायची. पाहुणे गेल्यावर उशाशी राहिलेली बाटली कुणी टाकायचं नाही. म्हणजे आपली डालड्याच्या डब्याची सवय या बाटलीलाही लागू झाली.

पण दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक, संख्या. घरात महिन्याला एक डबा रिकामा व्हायचा तेव्हा त्याला काम सापडायचं. आता एका लग्नात पंगतीला पाव लिटरच्या हजारभर बाटल्या रिकाम्या होतात. पूर्वी तिथं जग घेऊन वाढपी फिरायचे. हजार बाटल्यांचे हजार पेनस्टँड करणार का आपण? आणि दुसरी गोष्ट, कंपनीला ही बाटली परत नको होती. काचेची बाटली धुऊन भरणं तिला परवडायचं. पेटची बाटली हलकी, न फुटणारी आणि इतकी स्वस्त की परत आणण्याचा खर्चच नको. गिऱ्हाइकाला ती फुकट वाटते, कंपनीला ती नको असते. मालक कुणीच नाही. रिकाम्या भांड्याच्या दीडशे वर्षांच्या गोष्टीत असं आधी घडलं नव्हतं.

*मग ही बाटली उचललीय कुणी?*

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा २०१७ च्या सुमाराचा एक अभ्यास आहे. त्यात देशातल्या पेटचा हिशोब मांडलाय. सुमारे ६५ टक्के पेट नोंदणीकृत कारखान्यांत पुन्हा वापरात येतं, १५ टक्के असंघटित क्षेत्रात, आणि १० टक्के घरांमध्ये. म्हणजे एकूण ९० टक्के. हे फक्त पेटचं, पिशव्या आणि वेफर्सच्या पाकिटांचं नाही. तरी आकडा मोठा आहे.

त्यातले शेवटचे १० टक्के म्हणजे आपण, आपली कोथिंबीर, आपलं नाळकं. पहिले ८० टक्के कुणाच्या हातून जातात? कचऱ्यात हात घालणाऱ्या बायकांच्या.

१९९३ साली पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं कचरावेचकांचा मेळावा झाला आणि संघटना उभी राहिली. नाव ठेवलं, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. या नावाकडे नीट बघा. कागद, काच, पत्रा. प्लॅस्टिक त्यात नाही. हे नाव म्हणजे त्या काळच्या भंगाराची यादीच म्हणायची. आज त्याच संघटनेच्या बायकांच्या गोणीत प्लॅस्टिक ठासून भरलेलं असतं. त्यांनीच पुढं ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था काढली आणि पुणे महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करायचं काम हाती घेतलं.

एक लिटरची रिकामी बाटली साधारण २०-२५ ग्रॅमची असते. म्हणजे एक किलो व्हायला ४०-५० बाटल्या वाकून उचलायच्या. पूर्वी कंपनीचा ट्रक क्रेट मोजून न्यायचा, ते काम आता पाठीवर गोणी घेतलेली बाई करते. कंपनीकडून तिला त्याचा पगार नाही. मिळतो तो भंगारचा भाव, आणि तो कधी वर कधी खाली.

तिनं विकलेली बाटली दाबली जाते, गठ्ठे होतात, कारखान्यात धुऊन तिचे बारीक तुकडे करतात, ते वितळवून धागा काढतात. त्यातून उशीतला कापूस, सतरंजी, टी-शर्ट. २०१५ मध्ये भारतीय क्रिकेट संघाचा पोशाख याच धाग्याचा होता, एका पोशाखाला सरासरी ३३ बाटल्या. टेरिलीनचा शोध कापडासाठी लागला होता, बाटली फिरून पुन्हा कापडाकडे आली.

*आता घरातल्या वस्तूंविषयी, स्पष्ट*

इथं काही जणांना राग येईल, पण लिहितो. आपण बाटलीला ऑइल पेंट लावतो, चकमक शिंपडतो, थर्माकोल आणि लेस गोंदानं चिकटवतो. ती वस्तू दोन महिन्यांनी टाकली जाते. तेव्हा ती ना बाटली राहते, ना वस्तू. रंग-गोंदानं माखलेलं ते प्लॅस्टिक भंगारवाला घेत नाही. जी बाटली धागा होऊ शकली असती, तिची वाट आपणच बंद करतो.

म्हणून माझी कसोटी आजीच्या डब्याची आहे. बाटलीची वस्तू करताना तीन प्रश्न विचारा. ही नसती तर मी अशी वस्तू विकत आणली असती का? ही निदान वर्षभर रोज कामाला येईल का? आणि काम संपल्यावर ही स्वच्छ भंगारात जाईल का?

या कसोटीला उतरणाऱ्या वस्तू भरपूर आहेत. तेलाच्या जाड कॅनचं बूड तिरकं कापलं की धान्य काढायचं मापटं. बाटलीचं तोंड म्हणजे नाळकं. रोपवाटिकेच्या पिशवीऐवजी कापलेल्या बाटलीत पपई-शेवग्याचं रोप. उन्हाळ्यात नवीन झाडाच्या बुडाशी, झाकणाला बारीक भोक पाडून उलटी खोचलेली पाण्याची बाटली. हे तर गरिबाचं ठिबक. फळमाशीचा सापळाही असाच. बाटलीला भोकं पाडून आत आमिषाची गोळी टांगायची. आंब्याला मिथाइल युजेनॉल, दोडकी-काकडीला क्यू ल्यूर. नरमाश्या आत येतात आणि अडकतात. शेतकऱ्याला बाजारातला सापळा विकत घ्यावा लागत नाही.

जगातही अशी उदाहरणं आहेत. ब्राझीलमध्ये आल्फ्रेडो मोझर नावाच्या मेकॅनिकनं २००२ साली, विजेची टंचाई असताना, दोन लिटरच्या बाटलीत पाणी आणि दोन झाकणं ब्लीच घालून ती पत्र्याच्या छपरात भोक पाडून बसवली. अर्धी वर, अर्धी आत. ऊन पाण्यातून वाकून खोलीभर पसरतं. दिवसा ४० ते ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड, वीज शून्य. फिलिपिन्समध्ये हीच युक्ती हजारो झोपड्यांत गेली. ब्लीच पाणी हिरवं पडू नये म्हणून. पत्र्याच्या बंद खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो अशी घरं आपल्याकडेही आहेत. फक्त भोकाची कड नीट बंद करा, नाहीतर पावसाळ्यात शिव्या मला पडतील.

काही गोष्टी मात्र करू नका. फिनेल, ॲसिड, तणनाशक पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. तहानलेलं पोर बाटलीचा आकार ओळखतं, आतलं विष ओळखत नाही. पेटच्या बाटलीत गरम पाणी, गरम चहा भरू नका. उन्हात राहून बाटली पांढुरकी आणि कडक झाली की तिचे तुकडे मातीत पडण्याआधी भंगारात द्या. आणि चूल पेटवायला, बंब पेटवायला बाटली जाळू नका. तो धूर घरातल्या बाईच्या छातीत जातो.

*कायदा काय म्हणतो*

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. गटारं प्लॅस्टिकनं तुंबली होती, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर राज्यात पातळ पिशव्यांवर बंदी आली. पुढं मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारनं मोठी प्लॅस्टिकबंदी आणली. त्या अधिसूचनेत पेटच्या बाटल्यांसाठी एक तरतूद होती, जी बहुतेकांच्या लक्षातही नाही. बाटलीवर परतीची किंमत छापायची, आकारानुसार एक किंवा दोन रुपये, आणि रिकामी बाटली आणणाऱ्याला ती परत द्यायची. म्हणजे गोटी सोड्याची अनामतच, नव्या कागदावर.

आता सांगा, आपल्या बाजारपेठेत कुणाला आजवर रिकाम्या बाटलीचे एक-दोन रुपये परत मिळालेत का? पिशव्यांसाठी टपरीवाल्यांना दंड झाले, भाजीवालीच्या पिशव्या जप्त झाल्या. बाटलीच्या अनामतीबद्दल मात्र कुणी विचारलं नाही.

हे अशक्य आहे असंही नाही. केदारनाथच्या वाटेवर २०२२ पासून प्लॅस्टिक बाटलीवर १० रुपये अनामत घेऊन, रिकामी परत दिली की पैसे परत, अशी योजना सुरू झाली. तामिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात त्याच वर्षी दारूच्या काचेच्या बाटल्यांसाठी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं तसंच सुरू झालं. तिथंही १० रुपये. केंद्राचेही नियम आहेत. ज्यानं प्लॅस्टिक बाजारात आणलं त्यानंच ते गोळा करण्याची जबाबदारी घ्यायची, आणि बाटल्यांसारख्या टणक वेष्टनात २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्वापर केलेलं प्लॅस्टिक वापरायचं. यासाठी कंपन्यांना स्वच्छ, न माखलेली बाटली लागणार आहे. म्हणजे रिकाम्या बाटलीला पुन्हा मालक मिळू शकतो. तो पैसा गोणीवालीपर्यंत पोचतो की मधल्या मध्ये जिरतो, हे बघणं आपल्यासारख्यांचं काम.

*आपल्या गावासाठी*

मोठ्या गोष्टी दिल्ली-मुंबईत ठरतील. तोवर आपल्या हातात काय आहे, ते सांगून थांबतो.

शाळांना विनंती, यंदाच्या प्रदर्शनात शोभेच्या वस्तूऐवजी वर्षभर वापरलेली वस्तू मागवा. मुलानं सांगावं, ही मी कधी केली, घरात कोण वापरतं, हिनं काय वाचलं. बक्षीस त्याला द्या. आणि एक तास तुमच्या वॉर्डातल्या भंगारवाल्याला किंवा कचरा गोळा करणाऱ्या मावशींना वर्गात बोलवा. कुठलं प्लॅस्टिक विकलं जातं आणि कुठलं नाही, हे त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नाही.

मंगल कार्यालयवाल्यांनो, पाण्याचे जार आणि स्टीलचे पेले परत आणा. बाटल्याच ठेवायच्या असतील तर रिकाम्या वेगळ्या गोणीत भरा, खरकट्यात टाकू नका. खरकट्यातल्या बाटलीचा भाव पडतो.

नगरपरिषदेला विनंती, घंटागाडीवर काम करणाऱ्यांना सुकं भंगार विकायचा हक्क लेखी द्या. आणि पाणी-कोल्ड्रिंकच्या वितरकांची एक बैठक बोलवा. विषय एकच ठेवा, रिकामी बाटली परत कशी घेणार? उत्तर देता आलं नाही तरी चालेल, पण प्रश्न इतिवृत्तात नोंदला जाऊ दे.

आणि घरी? बाटली विसळा, चेपा, झाकण लावा, वेगळ्या पिशवीत ठेवा. दोन-चार चांगल्या बाटल्यांना काम द्या. आपल्या आज्यांनी डब्याला काम दिलं तेव्हा त्या पर्यावरण वाचवत नव्हत्या, पैसे मोजून आणलेली वस्तू वाया जाऊ देत नव्हत्या. बाटलीचेही पैसे आपण मोजतोच की. ते पाण्याच्या बिलात दिसत नाहीत एवढंच.